ईगल्स रॉक विमान अपघात

ईगल्स रॉक विमान अपघात (२५ ऑगस्ट १९४२) : दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडच्या केथनेस परगण्यात, डनबीथजवळच्या ईगल्स रॉक या टेकडीच्या निर्जन मूरवर ब्रिटिश हवाई दलाचे शॉर्ट संडरलँड जातीचे उडते जहाज (पाण्यावरून उडणारे व पाण्यावरच उतरणारे विमान) कोसळले, तो अपघात. विमानातील १५ पैकी १४ जण ठार झाले. त्यांत राजे सहावे जॉर्ज यांचे धाकटे बंधू, केंटचे ड्यूक प्रिन्स जॉर्ज हे होते. अपघाताची कीर्ती त्यांच्यामुळे असली, तरी अभ्यासाचा विषय आहे तो विमानाचा चुकलेला मार्ग.

‘मूर’ला मराठीत माळरान म्हणतात, पण माळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी कोरडी, कडक जमीन ही नव्हे. वर गुडघ्याएवढी हेदरची झुडपे आणि खाली पाण्याने गच्च भिजलेले, कुजक्या वनस्पतींचे पीटचे थर. पाय टाकला की रुततो. समुद्रावरून आलेले धुके अशा उतारांवर तासन्‌तास बसून राहते. शिवाय झाड नाही की घर नाही, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला उंचीचा अंदाज येत नाही.

२२८ स्क्वाड्रनचे डब्ल्यू ४०२६ क्रमांकाचे हे विमान क्रोमार्टी खाडीतील इन्व्हरगॉर्डन येथून दुपारी १ च्या सुमारास पाण्यावरून उडाले. जायचे होते आइसलँडला. ड्यूक तेथील हवाई दलाच्या ठाण्यांची पाहणी करणार होते. सोबत त्यांचे सचिव, एडीसी (लष्करी सहायक) आणि सेवक होते. विमानाचे कप्तान फ्लाइट लेफ्टनंट फ्रँक गोयेन हे ऑस्ट्रेलियन. स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर मोझले हेही विमानात होते. मार्ग साधा होता : किनारा डावीकडे ठेवून समुद्रावरून ईशान्येला जायचे, स्कॉटलंडचे टोक आले की पेंटलँडच्या सामुद्रधुनीतून वायव्येला वळायचे. उडत्या जहाजाने पाण्याच्या वरूनच जावे, हा यातला मूळ हिशेब.

विमान जड होते. सुमारे २,५०० गॅलन पेट्रोल म्हणजे जवळजवळ ८,२०० किग्रॅ.; संडरलँडच्या कमाल उड्डाणभाराचा (५८,००० पौंड, सुमारे २६,३०० किग्रॅ.) हा तिसरा हिस्सा होतो. एवढा बोजा घेतलेले विमान सावकाश चढते. ढग खाली उतरलेले असले की वैमानिकापुढे दोनच वाटा : ढगातून वर चढत राहायचे, नाहीतर खाली उतरून किनारा डोळ्यांनी ओळखायचा. दुसरी वाट खाली समुद्र असेल तरच बिनधोक.

रोख (विमानाच्या नाकाची दिशा) थोडासा चुकला तरी काय होते, हे दिशाचालकांच्या ‘साठाला एक’ या आडाख्यावरून कळते : रोखात १ अंशाची चूक असेल तर ६० मैलांनंतर विमान १ मैल बाजूला जाते. इन्व्हरगॉर्डनपासून ईगल्स रॉक चाळीसेक मैल. ५ अंशांची चूक धरली तर तेवढ्या अंतरात विमान तीन मैलांहून अधिक सरकते, म्हणजे समुद्र सुटून डोंगर लागतात. कारण इथला किनाराही ईशान्येकडेच धावतो आणि विमान त्याला जवळजवळ समांतर जात असते. चूक होकायंत्राची असो, वाऱ्याने बाजूला ढकलल्याचा हिशेब चुकलेला असो, ढगात असताना ती दिसत नाही. उंचीमापकाचा इथे उपयोग नाही. तो हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, खालच्या डोंगरापासूनची नव्हे. ताशी २०० किमी. वेगाने विमान सेकंदाला ५५ मी. कापते, धुक्यात १०० मी. पलीकडचे दिसत नसेल, तर हाती दोन सेकंदही उरत नाहीत.

विमान हजार फुटांहून कमी उंचीवर उतारावर आदळले, उलटे झाले आणि पेटले. ड्यूकचे घड्याळ १ वाजून ४२ मिनिटांवर थांबलेले होते. शेपटाकडील तोफकक्ष मूळ सांगाड्यापासून तुटून बाजूला पडला. त्यात बसलेले फ्लाइट सार्जंट अँड्र्यू जॅक तेवढे वाचले. भाजलेल्या अवस्थेत ते मूरवर भटकले, रात्र उघड्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी एका झोपडीच्या दाराशी पोचले. तोवर सर्वजण दगावल्याचे धरून चालले होते.

७ ऑक्टोबर १९४२ रोजी हवाईमंत्री सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांनी चौकशीचा निष्कर्ष संसदेत मांडला : विमान ठरल्या मार्गावर नव्हते, उंचीही पुरेशी नव्हती, जबाबदारी कप्तानाची. इंजिनांच्या पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) तपासणीवरून आघाताच्या वेळी इंजिने जोर देत होती, असेही त्यांनी सांगितले. ही तपासणी अशी करतात : जोरात फिरणाऱ्या पंख्याची पाती आपटल्यावर टोकाशी सहसा पुढे वाकतात, जोर नसलेल्याची मागे. म्हणजे इंजिन बंद पडल्याचा प्रश्न निकाली निघतो. विमान तिथे कसे आले, हा उरतोच. मोझले शेजारी असताना सगळा ठपका एकट्या गोयेन यांच्यावर ठेवणे अनेकांना पटलेले नाही. विमानात सोळावा माणूस होता, तो ब्रिटनच्या कैदेतला नाझी नेता रुडॉल्फ हेस होता, अशा वदंता पुढे पसरल्या. त्यांना आधार नाही. रोखातील चूक आणि किनारा पाहण्यासाठी अवेळी घेतलेली उतरण एवढ्यानेही अपघाताचा उलगडा होऊ शकतो.

अपघातस्थळी आज क्रूसाच्या आकाराचे स्मारक आहे. ब्रिटनमधील लष्करी विमानांच्या सर्व अपघातस्थळांना १९८६ च्या कायद्याने आपोआप संरक्षण आहे. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तेथे खणता येत नाही, तुकडाही उचलता येत नाही. मानवी अवशेष किंवा न फुटलेला दारूगोळा सापडण्याची शक्यता असेल, तर परवाना सहसा मिळत नाही.