‘समजलं का?’ विचारून काही कळत नाही

साठ मुलांच्या वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की एका सुरात ‘हो’ येतंच. कुणाला काय समजलं, हे त्यातून कळत नाही. प्रश्न असा हवा की चुकीची समजूत आपणहून उघडी पडेल.

नागपूरच्या मुलांना नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, काही सांगावा लागत नाही, म्हणून तोच घेऊ. ‘मेअखेर ऊन एवढं का तापतं?’ फळ्यावर चार उत्तरं लिहा. एक, पृथ्वी सूर्याजवळ येते. दोन, सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दिवस मोठा असतो. तीन, सूर्यच जास्त उष्णता सोडतो. चार, पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे भारत सूर्याच्या जवळ जातो.

बरोबर उत्तर दुसरं, पण खरी मेख चौथ्यात आहे. पुस्तकातला ‘कललेला अक्ष’ पाठ असलेली हुशार मुलं तिथेच फसतात; अक्ष कलल्याने सूर्य डोक्यावर येतो म्हणून तापतं, भारत जवळ जातो म्हणून नाही. तोंडी विचारलं असतं तर ‘कलल्यामुळे’ एवढ्यावरच त्यांना शाबासकी मिळाली असती!

प्रश्न वाचून झाला की अर्धा मिनिट कुणीही बोलायचं नाही, शिक्षकांनीसुद्धा. उत्तराचा आकडा वहीत लिहायचा. टाळी वाजताच सगळ्यांनी तेवढी बोटं छातीशी धरायची. हात वर नेला की मागच्या बाकांना दिसतो. वहीची पायरी गाळली तर अर्धा वर्ग पहिल्या नंबराच्या मुलाकडे बघून बोटं उघडतो.

आता मोजा. चार पर्यायांत नुसत्या अंदाजानेही साठांतले पंधरा बरोबर येतील, तेव्हा वीस बरोबर आले म्हणून खूश होऊ नका. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांचा ठोकताळा सोपा आहे: 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा बोटं मागा. त्याहून कमी असतील तर समजावणारेच पुरेसे नसतात. धडा वेगळ्या रीतीने पुन्हा घ्या.

‘एक’वाल्यांना सांगा, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, नागपुरात स्वेटर निघतात तेव्हा. मग थांबा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं.

आणि ‘का?’ हे बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलंत, तर तुमचा ‘का?’ ऐकताच मुलं उत्तर बदलतात.