पार्श्वभूमी : ठाणे-नवी मुंबईत उपचाराचा हक्क कोणत्या कागदावर?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात उपचाराचा हक्क आधी आला तो कारखान्याच्या हजेरीपटावरून. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा १९४८ चा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडची टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत भरली आणि ठाण्यात, वाशीत ईएसआयची रुग्णालये चालू झाली. कामगाराच्या पगारातून थोडी कपात, मालकाचा मोठा वाटा, आणि घरच्यांसह सगळ्यांवर उपचार. आज हे प्रमाण पगाराच्या ०.७५ आणि ३.२५ टक्के आहे. २०१९ पूर्वी दोन्ही मिळून ६.५ टक्के जात.

अडचण पगाराच्या मर्यादेची. जानेवारी २०१७ पासून ती महिना २१,००० रुपये आहे. जूनमध्ये पगारवाढ होऊन कामगार मर्यादेबाहेर गेला, तरी वर्गणी ३० सप्टेंबरपर्यंत कापावी लागते आणि एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जूनचा असतो. हे ठाऊक नसल्याने माणसे हक्काचा दवाखाना सोडून खासगीत पैसे मोजतात. ठेकेदार बदलला की जुना विमा क्रमांक सांगायचाच. नवा क्रमांक काढला तर वर्गणीचे दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि आजारपणाच्या भत्त्याला लागणारे ७८ दिवस भरत नाहीत.

ईएसआयबाहेर राहिले रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया, नाक्यावरचे मजूर. त्यांच्यासाठी कागद आला तो रेशनकार्ड, आणि तोही फार उशिरा. रेशनकार्डावर उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत रायगड होता, ठाणे नव्हता. नवी मुंबई शहर म्हणून एक, पण जिल्हे दोन : खारघर रायगडात, बेलापूर ठाण्यात. त्यामुळे खारघरच्या केशरी कार्डावर शस्त्रक्रिया होत होती आणि शेजारच्या बेलापूरचे कार्ड चालत नव्हते. ठाणे जिल्ह्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. या सोळा महिन्यांत कर्ज काढून उपचार केलेल्या कुटुंबांवर हा अन्यायच होता.

तेव्हा संरक्षण कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली आणि पांढऱ्या कार्डालाही दार उघडले. पण ही योजना कॅशलेस आहे, आधी भरलेले पैसे मागून मिळत नाहीत. म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, गाठावे, आणि रुग्णालय त्याच आजारासाठी योजनेत आहे का, हे विचारावे. घरी आलेल्या सुनेचे नाव कार्डावर चढवायचे राहून गेलेले असते. ते दवाखान्याची वेळ येण्याआधीच चढवून घ्यावे.

मध्यमवर्गाचा कागद मेडिक्लेमचा, १९८६ पासूनचा. इथे घात होतो तो खोलीभाड्यात. पाच लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० असेल आणि ८,००० ची खोली घेतली, तर फरक ३,००० वर थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरेही ५,०००/८,००० या प्रमाणात कापले जाते. अशा खर्चाच्या १,६०,००० पैकी १,००,००० मिळतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. डिस्चार्जच्या वेळी बिलावर तेवढे तपासावे आणि कापले असेल तर लेखी कारण मागावे.