पुस्तकांचे ऑनलाइन नमुनावाचन

पुस्तक विकत किंवा वाचनालयातून घेण्याआधी त्याची काही पाने संकेतस्थळावर अथवा मोबाइलवर फुकट वाचून पाहण्याची रीत. वाचक तिला ‘सॅम्पल’ किंवा ‘प्रीव्ह्यू’ म्हणतात. अ‍ॅमेझॉनने २००१ मध्ये निवडक पुस्तकांची आतली पाने दाखवायला सुरुवात केली. गूगलची पुस्तकसेवा २००४ मध्ये आली. किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकसेवेवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली आणि त्यांचा सुरुवातीचा साधारण दहावा हिस्सा मोफत उतरवून घेता येऊ लागला. ‘बुकगंगा’सारख्या मराठी विक्रीस्थळांवरही अनेक पुस्तकांची थोडी पाने चाळता येतात.

नाशिकमध्ये पुस्तक वाचकापर्यंत पोचवण्याची परंपरा जुनी आहे. ‘सावाना’ या नावाने ओळखले जाणारे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या घरांपर्यंत नेल्या. पेटीतली निवड दुसऱ्या कोणी तरी केलेली असते, आणि तिचे मोल मोठे आहे. पण अनोळखी लेखकाकडे स्वतःहून वळायचे तर आधी चार पाने वाचायला हवीत. नाशिकच्या सिडको किंवा पाथर्डी फाट्यासारख्या उपनगरात राहणाऱ्याला त्यासाठी गावात यावे लागत नाही. नमुना रात्री घरी वाचायचा, नाव टिपून ठेवायचे आणि शनिवार-रविवारी सावानात किंवा दुकानात विचारायचे, असे सहज जमते. नमुन्यामुळे छापील पुस्तकाचे गिऱ्हाईक तुटते ही भीती फारशी खरी नाही.

मराठी नमुन्याची खरी अडचण त्याच्या आरंभात आहे. आपल्या पुस्तकांत अर्पणपत्रिका, दोन आवृत्त्यांची मनोगते, एखाद्या ज्येष्ठाची लांबलचक प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका ओलांडल्यावर मजकूर सुरू होतो. फुकटचा हिस्सा तेवढ्यातच संपतो. लेखकाचे गद्य कसे आहे हे कळतच नाही. कळते ते प्रस्तावनाकाराचे मत. प्रकाशकांनी नमुन्यासाठी मधले एखादे प्रकरण निवडून द्यावे, हे अगदी करण्याजोगे काम आहे. कथासंग्रहाची पारख एका पूर्ण कथेवर होते. कादंबरीच्या पहिल्या दहा पानांवरून मात्र निकाल देऊ नये.

दुसरी अडचण तांत्रिक. पुष्कळ जुनी मराठी पुस्तके युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धती येण्याआधीच्या फाँटांत जुळवलेली असल्याने नमुना म्हणून पानाचे छायाचित्रच चढवले जाते. मोबाइलवर ते बोटांनी मोठे करावे लागते. मग ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवत राहावे लागते. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर वाढवता येत नाही. साठी उलटलेले वाचक इथेच कंटाळून सोडून देतात. श्राव्य पुस्तकाचा नमुना त्यांना अधिक मानवतो, फक्त तिथे लेखकाइतकाच वाचणाऱ्याचा आवाजही पारखला जातो.

नमुना किती द्यायचा हा प्रश्न स्वामित्वहक्काचा आहे. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये वारले, म्हणून त्यांचे लेखन २०५९ अखेरपर्यंत हक्काखाली राहील. त्यांच्या पुस्तकांची हक्कधारकांनी खुली केलेली पानेच अधिकृतपणे पाहता येतात. लक्ष्मीबाई टिळकांचे निधन १९३६ चे, त्यामुळे नाशिक परिसराचे जुने जगणे सांगणारी ‘स्मृतिचित्रे’ आता हक्कमुक्त आहेत. ती कोणालाही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऑनलाइन ठेवता आणि वाचता येतात.