ड्रायव्हर नाही, की फर्मवेअर नाही?

लिनक्सवर यूएसबी वायफाय अडॅप्टर लावला आणि नेटवर्कची यादी रिकामीच राहिली, की आपण सगळे एकच वाक्य बोलतो: "याचा ड्रायव्हर नाहीये." पुष्कळदा ड्रायव्हर असतो, नसतं ते फर्मवेअर. दोन्हींचा इलाज इतका वेगळा आहे की निदान चुकलं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझंच सांगतो. २०२२ मध्ये एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन ११ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. आतलं वायफाय कार्ड मेलेलं होतं, म्हणून नखाएवढा एक अडॅप्टर आणला. आत मीडियाटेकची एमटी७६०१यू चिप. लावला, काही नाही. मोबाइलवरून यूएसबी टेदरिंग करून नेट घेतलं, कुणीतरी दुरुस्त करून ठेवलेला ड्रायव्हरचा सोर्स कोड उतरवला आणि रात्री दीडपर्यंत कंपाइल करत, म्हणजे त्यातून चालणारा ड्रायव्हर बनवत बसलो. अडॅप्टर चालू झाला! म्हणजे ड्रायव्हरच नव्हता, हे सिद्धच झालं की. पुढे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला आणि वायफाय पुन्हा गायब. तेव्हा कुठे मी डीमेसेज ही कमांड चालवून लॉग, म्हणजे कर्नलने केलेल्या नोंदी, नीट वाचला. त्यात क्रमाने तीन गोष्टी होत्या. १४८एफ:७६०१ या आयडीचं (ओळख क्रमांकाचं) उपकरण सापडलं. मग एमटी७६०१यू ड्रायव्हरने चिपची आवृत्ती वाचली. आणि मग ही ओळ: "डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर एमटी७६०१यू.बिन फेल्ड विथ एरर -२."

उणे दोन म्हणजे "अशी फाइल नाही", एवढंच. दुसरी ओळ पुन्हा वाचा: ड्रायव्हर चिपशी बोलून आला होता. हा ड्रायव्हर २०१५ पासून, कर्नल ४.२ पासून, कर्नलमध्येच आहे. मी रात्र जागून जे बनवलं ते आधीपासून घरात होतं. नव्हती ती पन्नास केबीसुद्धा न भरणारी एक फाइल.

ड्रायव्हर हा कर्नलचा तुकडा. तो तुमच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर, कर्नलच्या पोटात चालतो. अडॅप्टरचं फर्मवेअर तुमच्या प्रोसेसरवर कधीच चालत नाही. अडॅप्टरच्या चिपमध्ये स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, हा प्रोग्राम त्याच्यासाठी. कर्नलच्या लेखी ती डिस्कवरची एक फाइल. तो ती उघडून समजून घेत नाही, उचलून चिपच्या हवाली करतो. घरातल्या राउटरमध्ये फर्मवेअर फ्लॅश मेमरीत कायमचं बसवलेलं असतं. स्वस्त अडॅप्टरमध्ये पैसे वाचवायला तेवढी जागाच ठेवत नाहीत. त्यामुळे अडॅप्टर काढला की चिप सगळं विसरते आणि परत लावल्यावर तिला पहिल्यापासून पढवावं लागतं. पढवायचं काम ड्रायव्हरचं, पाठ फर्मवेअरचा.

मग माझा कंपाइल केलेला ड्रायव्हर चालला कसा? सगळा घोळ इथेच आहे. कर्नलच्या बाहेर फिरणाऱ्या अशा बऱ्याच ड्रायव्हरांच्या सोर्समध्ये फर्मवेअर आकड्यांची लांबलचक रांग म्हणून कोंबलेलं असतं. ड्रायव्हर कंपाइल केला की पाठही पोटात घेऊनच येतो, वेगळी फाइल मागत नाही. विंडोजवरही इन्स्टॉलर दोन्ही एकाच पुडीत बांधून देतो, त्यामुळे दोन वस्तू आहेत हे कधी कळतच नाही. शिवाय मोबाइल आणि राउटरवाल्यांनी फर्मवेअर हा शब्द अख्ख्या सिस्टिमला लावून ठेवलाय. गोंधळ होणार नाही तर काय!

आता याच्या उलटी गोष्ट. गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला, "मामा, फर्मवेअर मिसिंग आहे, तीन ठिकाणांहून डाउनलोड केलं तरी चालत नाहीये." माझी गोष्ट त्याने ऐकलेली, आता त्याला सगळीकडे फर्मवेअरच दिसत होतं. लिनक्स मिंट २१, कर्नल ५.१५. अडॅप्टरमधली चिप आरटीएल८८२१सीयू. म्हटलं, लॉगमध्ये काय आहे ते वाच. म्हणाला, "नवीन यूएसबी डिव्हाइस सापडलं, एवढंच. पुढे काहीच नाही."

हे "काहीच नाही" महत्त्वाचं. फर्मवेअर नसलं की ड्रायव्हर तक्रार करतो, तीही फाइलचं नाव घेऊन. ड्रायव्हरच नसेल तर तक्रार करायला कुणी नसतं, लॉग गप्प राहतो. या चिपसाठी यूएसबीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ पासून. गंमत म्हणजे फर्मवेअरची फाइल भाच्याच्या मशीनमध्ये पहिल्यापासून होती, कारण याच चिपचा लॅपटॉपच्या आत बसणारा अवतार तीच फाइल वापरतो आणि त्याचा ड्रायव्हर आधीच आलेला होता. पाठ तयार, पढवणारा गैरहजर. मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून त्याला नवा कर्नल घ्यायला लावला, डाउनलोड केलेल्या तिन्ही फाइली पुसायला लावल्या, काम झालं.

एक फसवी जागा. एलएसयूएसबी या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या कमांडला वजा टी जोडून चालवलं की कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते दिसतं. तिथे ड्रायव्हरपुढे रिकामं दिसलं म्हणून ड्रायव्हर नाही असं समजू नका. माझ्या अडॅप्टरपुढेही रिकामंच होतं: ड्रायव्हर आला, फाइल मागितली, मिळाली नाही, हात झटकून निघून गेला. आणि साध्या एलएसयूएसबीत चिपचं नाव झळकतं तेही ओळख पटल्याचा पुरावा नव्हे. ते नुसत्या आयडी आणि नावांच्या एका यादीतून येतं. खरं विचारायचं ते मॉडइन्फो या कमांडला. मॉडइन्फो एमटी७६०१यू म्हटलं की "एलियस" ओळींत हा ड्रायव्हर कोणकोणते आयडी ओळखतो ते येतं आणि "फर्मवेअर" ओळीत त्याला कोणती फाइल लागते ते. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका पडद्यावर. खोक्यावरच्या मॉडेल नंबरवर मात्र जाऊ नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची. नाव तेच, ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही वेगळे. आयडी खरा.

काही अडॅप्टर आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतात, पोटात विंडोजचा इन्स्टॉलर घेऊन. रिअलटेकचे असे अडॅप्टर ०बीडीए:१ए२बी या आयडीने दिसतात. तिथे त्यांना सीडीचं सोंग टाकायला लावणारं यूएसबी-मोडस्विच लागतं. तो तिसराच आजार.

ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, म्हणून त्याचे नखरे जास्त. बाहेरून कंपाइल केलेला ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बनवला त्याच्यापुरताच. डीकेएमएस हे साधन वापरलं तर दर अपडेटला तो आपोआप पुन्हा बनतो, तेही कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) बसवलेले असतील तरच. सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय चालू असेल तर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर आत घेतलाच जात नाही. फर्मवेअरच्या फाइलला यातलं काही नाही. तिची अडचण परवान्याची: बहुतेक फर्मवेअर बंदिस्त, म्हणून डेबियनने ते वर्षानुवर्षं मुख्य संग्रहाबाहेर ठेवलं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. अपवादही आहे. अॅथेरॉसच्या एआर९२७१ चिपचं फर्मवेअर २०१३ मध्ये खुलं झालं.

डेबियन ११ वर मला करायचं होतं ते इतकंच: पॅकेजांच्या स्रोतांत नॉन-फ्री, म्हणजे मुख्य संग्रहाबाहेरचा तो विभाग, जोडून फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री हे पॅकेज बसवायचं. त्यासाठी नेट पुन्हा मोबाइलच्या टेदरिंगवरूनच घेतलं. त्याला कुठली फर्मवेअरची फाइल लागत नाही, नुसता ड्रायव्हर लागतो आणि तो कर्नलमध्ये असतो. पॅकेज बसलं तरी अडॅप्टर ढिम्म. रीस्टार्ट करायला निघालो होतो, तेवढ्यात लक्षात आलं की ड्रायव्हर फाइल मागतो ती अडॅप्टर लावतानाच. उपसून परत खोचला आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.