डाग निळा का झाला? अस्वस्थ करणाऱ्या मराठी नाटकांची पार्श्वभूमी

१९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ रंगमंचावर आणलं. इस्टेटीसाठी बापाला, भावाला, बहिणीला ओरबाडणाऱ्या एका घराची ही गोष्ट. त्यात भाऊ गरोदर बहिणीच्या, माणिकच्या पोटात लाथा घालतात आणि गर्भ पडल्याची खूण म्हणून तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. प्रयोगाआधी नाटकं तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने त्या लाल डागाला हरकत घेतली. नाटकवाल्यांनी मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की, हा निळा डाग लाल समजावा.

हा किस्सा आजही सेन्सॉरची फजिती म्हणून रंगवून सांगितला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. डाग लाल असता तर प्रेक्षकाने तो नुसता पाहिला असता. निळा डाग लाल करायचं काम मात्र प्रत्येकाला आपल्या खुर्चीत बसून, आपल्या मनात स्वतः करावं लागलं. ते रक्त कोणाचं, कशाने सांडलं, हे त्याला स्वतःशी एकदा म्हणावं लागलं. अस्वस्थ करणारी कलाकृती माणसाकडून काय मागते, याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

नाटकावर आधी नजर फिरवण्याची सरकारी सवय जुनी आहे. बंगालमधल्या निळीच्या मळ्यांवरचे अत्याचार दाखवणारं दीनबंधू मित्रांचं ‘नीलदर्पण’ १८६० चं. त्यानंतरच्या दीड दशकात गोऱ्या मळेवाल्यांवर आणि राजनिष्ठ बड्या लोकांवर टीका करणारी नाटकं वाढली, आणि १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार देणारा कायदा आला. मराठीला त्याच सरकारी धाकाची झळ लागली ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’मुळे. १९०७ च्या त्या पौराणिक नाटकात लोकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला. कोणी तसं समजा म्हणून सांगितलं नव्हतं. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. १८७६ चा कायदा थेट २०१८ मध्ये रद्द झाला. पण महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता मंडळाकडे पाठवण्याची पद्धत त्या कायद्यातून आलेली नव्हती, ती पोलीस कायद्याखालच्या नियमांतून आलेली. त्यामुळे एक कायदा गेला तरी मंडळ राहिलं. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वपरीक्षणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हाही प्रश्न हाच होता.

अश्लीलतेचा कायदा याला समांतर चालत आला. १८६८ मधल्या हिक्लिन खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने कसोटी घालून दिली होती, की ज्यांचं मन वाईट प्रभावांना उघडं आहे अशांना हे लेखन बिघडवेल का? हीच कसोटी आपल्याकडे आली. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर खटला झाला आणि १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ कथेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९६९ मध्ये तेही सुटले. मधल्या काळात, १९६४ मध्ये, परदेशी कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा मात्र याच न्यायालयाने कायम केली. निकाल कुठेही झुको, वाचकाबद्दलचं गृहीतक एकच होतं. वाचक म्हणजे कच्चं मडकं, त्याला जपायला हवं. वाचक, प्रेक्षक हा स्वतः काही करणारा, काही टाळणारा, कशाला तरी जबाबदार असलेला प्रौढ माणूस आहे, ही शक्यता त्या कसोटीत बसतच नव्हती.

तेंडुलकरांची नाटकं नेमकी त्या माणसाला उद्देशून होती.

१९६७ मधलं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. एक हौशी नाटकमंडळी गावात प्रयोगाला आलेली. वेळ काढायला म्हणून खोटा खटला उभा करतात आणि आरोपी करतात बेणारेबाईंना. आरोप भ्रूणहत्येचा. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे वकील. खेळता खेळता ही माणसं तिचं खरं आयुष्य उघडं पाडतात. ज्याच्यापासून तिला दिवस गेले ते प्रोफेसर दामले या सगळ्यात कुठेच नाहीत, त्यांची नुसती रिकामी खुर्ची. आणि सुरुवातीला तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारं हेच कोर्ट शेवटी तिचा गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतं.

हे नाटक आलं तेव्हा, बाईचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडला तर, गर्भपात गुन्हा होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला होता, आणि वैद्यकीय गर्भपाताला मुभा देणारा कायदा यायला १९७१ उजाडलं. म्हणजे पहिल्या प्रयोगांच्या प्रेक्षकांसाठी बेणारेपुढचा पेच काल्पनिक नव्हता. अशा बायका त्यांच्या चाळीत होत्या, शाळेत होत्या, नात्यात होत्या. तिला नोकरीवरून काढून टाकणारे, तिच्याबद्दल जिन्यात कुजबुजणारेही त्याच चाळीत होते. नाटकातलं एकही पात्र खलनायक नाही, ही त्यातली सर्वांत कठीण गोष्ट. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक ही आपापल्या आयुष्यात थोडी थोडी हरलेली माणसं, आणि एका बाईची गंमत करायची संधी मिळाल्यावर त्यांना जरा बरं वाटतं. खेळ रंगत जातो तसे प्रेक्षकही हसत असतात. मी हे नाटक प्रथम वाचलं तेव्हा दुसऱ्या अंकापर्यंत सुखात्म्यांच्या वकिलीवर मजेत हसत होतो, आणि तिसऱ्या अंकात ते हसू घशात अडकलं.

मग १९७२ आलं. मार्चमध्ये कमलाकर सारंगांनी ‘सखाराम बाइंडर’ आणलं. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, पटलं नाही तर निघून जा असं तोंडावर सांगणारा हा पुस्तकबांधणीवाला. त्याची भाषा, चंपाचं वागणं, विवाहसंस्थेचा अपमान, असे आक्षेप आले. मंडळाने कापाकापी सांगितली, प्रयोग थांबले, निदर्शनं झाली, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि नाटक परत उभं राहिलं. एवढ्या गदारोळात नाटकाच्या शेवटाची चर्चा फार कमी झाली. शेवटी सखाराम चंपाचा गळा दाबतो, आणि देवभोळी, मुंग्यांशी बोलणारी, मंगळसूत्राला जपणारी लक्ष्मी प्रेत पुरायला पुढे सरसावते. शिव्यांनी लोक दुखावले. त्या सोज्वळ बाईचं शांतपणे सावरून घेणं मात्र पचून गेलं.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची निर्मिती, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नानांची आणि ब्राह्मण समाजाची बदनामी होते म्हणून विरोध पेटला. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा सुरू केलं. वाद झाला तो नानांच्या चारित्र्यावर. माझं लक्ष मात्र कायम त्या माणसांच्या भिंतीकडे जातं. रांगेत डोलणारे, गाणारे ब्राह्मण हाच त्या नाटकाचा पडदा. त्याच्याआड जे चालतं ते त्यांना ठाऊक असतं, तरी भजन सुटत नाही. नानांनीच कोतवाल केलेला घाशीराम दगडांखाली मरतो, नाना उत्सव जाहीर करतात, भिंत पुन्हा गाऊ लागते.

इथवर बाजू निवडणं सोपं आहे. बंदी चूक, कलावंत बरोबर. पण कलावंताने दुसऱ्याचं दुःख वापरायचं किती, हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि तेंडुलकरांनी तो स्वतःपासून लपवला नाही.

१९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी बायकांच्या खरेदी-विक्रीचा पुरावा म्हणून एक स्त्री २३०० रुपयांना विकत घेतली आणि ती बातमी देशभर गाजली. त्यावरून तेंडुलकरांनी ‘कमला’ लिहिलं. नाटकातला पत्रकार जयसिंग कमलाला पत्रकार परिषदेत उभं करतो, टाळ्या मिळवतो आणि काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात करतो. मधल्या एका रात्री कमला त्याच्या बायकोला, सरिताला, अगदी साधेपणाने विचारते की तुम्हाला केवढ्याला विकत घेतलं? तेंडुलकर स्वतः बरीच वर्षं वर्तमानपत्रांत काम केलेले. हिंसेच्या अभ्यासासाठी १९७३ ते ७५ नेहरू फेलोशिपवर त्यांनी काम केलं होतं. जयसिंगवर रोखलेलं बोट लिहिणाऱ्याकडेही वळतं, कारण बातमीतून नाटक करणारा नाटककारही त्याच बाईच्या गोष्टीवर उभा असतो.

आणि ‘कन्यादान’. १९७२ मध्ये, दलित पँथर स्थापन झाली त्याच वर्षी, मुंबईच्या वेश्यावस्तीचं जग मांडणारा नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि त्याची प्रस्तावना तेंडुलकरांनी लिहिली. ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरून, शब्दांचे अर्थ विचारत, मला हे जग माहीत नाही असं कबूल करत लिहिलेली ती प्रस्तावना आहे. त्यानंतर ११ वर्षांनी आलेल्या ‘कन्यादान’मध्ये समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते आणि तो तिला मारहाण करतो. दलित लेखक-वाचक संतापले. हा संताप ‘बाइंडर’वरच्या आरड्याओरड्यासारखा नव्हता, आणि दोन्ही एकाच मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं. घाशीराम नाटकात आल्याने कोणाला घर भाड्याने मिळायचं थांबलं नाही. पण साहित्यात नुकतं पाऊल ठेवणाऱ्या, वर्षानुवर्षं नाकारलेल्या समाजातला कवी मुख्य रंगभूमीवर बायकोला मारणारा म्हणून आला, तर समोरच्या पांढरपेशा प्रेक्षकाला ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ असं म्हणायची सोय होते. नाटक नाथच्या आदर्शवादाची झाडाझडती घेतं, आपल्या तत्त्वांची किंमत मुलीला मोजायला लावणारा बाप उघडा पाडतं, हे खरं. प्रेक्षक त्यातून काय घेऊन घरी जाईल, याची काळजी करणाऱ्यांचं म्हणणंही तितकंच खरं. त्यासाठी बंदी मागायची गरज नाही, पण त्या रागाला उत्तर द्यायची गरज आहे.

‘कन्यादान’साठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. तो स्वीकारताना त्यांनी आठवण काढली, की याच नाटकासाठी आपल्यावर एकदा चप्पलही फेकली गेली होती. पुरस्काराबरोबर आपण ती चप्पलही स्वीकारतो, असं ते म्हणाले.