‘कहवा’ या अरबी शब्दामागचा इतिहास

अरबी शिकू लागलेल्याला पहिल्या काही धड्यांतच भेटणारा ‘कहवा’ हा शब्द आज कॉफीसाठी वापरला जात असला, तरी जुन्या अरबी काव्यात तो मद्याचे एक नाव म्हणून येतो, आणि भूक मंदावणे या अर्थाच्या धातूशी कोशकारांनी त्याचे नाते जोडले आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या जिक्रमध्ये, म्हणजे ईश्वराच्या नामस्मरणात, डोळा लागू नये म्हणून हे पेय घेऊ लागले आणि मद्याचे जुने नाव त्याला चिकटले. मद्य निषिद्ध मानणाऱ्या समाजात ते नाव उपासनेच्या जागरणाला साथ देणाऱ्या पेयाकडे जावे, हे मला या शब्दाच्या प्रवासातले सर्वांत विलक्षण वळण वाटते. हे पेय मादक आहे की नाही, यावर पुढे धर्मशास्त्रात वाद झाला. 1511 मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने त्यावर बंदी घातली, पण ती फार काळ टिकली नाही.

शब्दातला ‘क’ आपल्या ‘क’पेक्षा खोल, घशातून उच्चारला जातो. आखातात त्याचा ‘गहवा’ होतो, तर कैरोत ‘अहवा’, आणि तिथे कॉफी पिण्याच्या ठिकाणालाही हेच नाव आहे. तुर्की ‘कहवे’वरून युरोपीय भाषांत गेलेला हा शब्द इंग्रजीमार्गे ‘कॉफी’ होऊन मराठीत आला. कॉफीच्या बीला मात्र अरबीत ‘बुन्न’ म्हणतात, आणि मराठीतल्या जुन्या ‘बुंददाणा’ या शब्दातला ‘बुंद’ त्याच्याच कुळातला आहे.

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि कतार या देशांतील कहव्याच्या आतिथ्यपरंपरेची युनेस्कोने 2015 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. हलक्या भाजलेल्या बियांचा, वेलदोडा घातलेला, बिनसाखरेचा फिकट पिवळसर कहवा खजुराबरोबर दिला जातो. यजमान डाव्या हातात ‘दल्ला’ म्हणजे लांब चोचीची किटली धरतो आणि उजव्या हाताने ‘फिंजान’ हा बिनकानाचा छोटा पेला पुढे करतो. पेला काठोकाठ न भरता तळाशी थोडाच कहवा ओततात, कारण पाहुण्याला पुन्हा पुन्हा विचारता यावे हाच त्यातला आदर आहे. पुरे झाले, हे पाहुणा तोंडाने सांगत नाही; रिकामा पेला किंचित हलवून तो परत देतो, आणि तसे केले नाही तर यजमान आणखी ओतत राहतो.