जिझो (ओ-जिझो-सान)

जपानमध्ये कुठंही फिरा, गल्लीच्या कोपऱ्यावर, घाटात, फाट्यावर, शेताच्या कडेला एक छोटी दगडी मूर्ती भेटतेच. तुळतुळीत डोकं, मिटल्यासारखे डोळे, अंगावर भिक्षूची वस्त्रं आणि गळ्यात लाल कापडाचं लाळेरं. हाच जिझो, वाटसरूंचा आणि लहान मुलांचा राखणदार, लोक लाडानं ओ-जिझो-सान म्हणतात.

मूळ आपल्याकडचंच. संस्कृतमध्ये हा क्षितिगर्भ बोधिसत्त्व, वेरूळच्या १२ नंबरच्या लेण्यात आठ बोधिसत्त्व कोरलेत त्यातला एक, पुढे चीनमार्गे जपानला पोचला. बुद्ध गेल्यापासून पुढचा बुद्ध मैत्रेय येईपर्यंत पुनर्जन्माच्या सहाही लोकांतल्या जीवांना, अगदी नरकातल्यासुद्धा, सांभाळायचं काम याच्याकडे, म्हणून स्मशानाच्या वाटेवर बऱ्याचदा सहा जिझो ओळीनं उभे असतात.

लाळेऱ्यामागची समजूत वाचून खरंच गलबलतं. आईबापाच्या आधी गेलेली लेकरं म्हणे साई-नो-कावारा नावाच्या नदीकाठी अडकतात, आईबापाला पुण्य लागावं म्हणून दगडावर दगड रचत बसतात आणि राक्षस येऊन ते पाडतात, मग जिझो येतो आणि पोरांना आपल्या बाह्यांत लपवतो. म्हणून मूल गेलेल्या आया मूर्तीला लाळेरं बांधतात, थंडीत विणलेली टोपी घालतात, पायाशी दगडांची चळत रचतात.

टोकियोच्या नान्झोइन मंदिरात दोरांनी पार गुंडाळलेला जिझो आहे. लोककथा अशी की कापडाच्या दुकानातला नोकर मूर्तीजवळ झोपला आणि गठ्ठा चोरीला गेला, तर १८व्या शतकातला न्यायाधीश ओओका तादासुके म्हणाला, राखणदार असून चोरी होऊ दिली, जिझोलाच बांधून आणा! गंमत बघायला गर्दी कचेरीत घुसली, दंड म्हणून प्रत्येकाकडून कापड घेतलं आणि त्यातच चोरीचा माल सापडला. आजही लोक नवस बोलून दोर बांधतात, पूर्ण झाला की सोडतात.

१८६८ नंतर बौद्ध धर्माविरुद्ध लाट आली तेव्हा कितीतरी दगडी मूर्तींची मुंडकी उडवली गेली, तशा बिनडोक्याच्या मूर्ती अजून दिसतात. निक्कोला नदीकाठच्या रांगेतले काही जिझो १९०२च्या पुरात वाहून गेले, सुमारे ७० उरलेत, मोजावं तर दरवेळी आकडा वेगळा येतो असं म्हणतात.

क्योटोत ऑगस्टच्या शेवटाला जिझो-बोन असतो. गल्लीतली माणसं मूर्ती धुतात, चेहरा नव्यानं रंगवतात, आणि पोरं गोल बसून एकच भलीमोठी जपमाळ हातोहात फिरवतात.